उरलेले तेरा टक्के

तुझं अक्षर मी कधी पाहिलं नाही.
पडद्यावरच्या मजकुराला वळण नसतं,
पण बोटांना खोडी असतात,
जित्याच्या खोडी.
त्यांच्यावरच माझं पोट चालतं.

केयोनला मी फेरीबोटीतून उतरले
तेव्हा धक्का धुऊन लख्ख केलेला होता.
कंपनीचा माणूस म्हणाला, बघा, कुठे आहे वास?
कंपनीच्या हिशेबात चार हजार सॅमन मेले होते.
तू लिहिलं होतंस, चाळीस हजार,
आणि कुठल्या रात्री, कुठल्या खाडीत ओतले, तेही.
खाली नाव नाही. नावाच्या जागी एक टिंब.

तू लिहितोस की लिहितेस
हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.
एकतीस मजकूर भिंतीला चिकटवले
आणि रोज सकाळी त्यांच्यासमोर चहा घेत बसले.

गुरुवार. पहाटे चार वाजून दहा मिनिटं, थोडं इकडेतिकडे.
पूर्णविरामानंतर दोन मोकळ्या जागा
(म्हणजे टाइपरायटरवर शिकलेला हात,
म्हणजे पन्नाशीच्या पुढचा, म्हणजे...)
फोटोतली तारीख, जागा, कॅमेऱ्याचा नंबर, सगळं पुसलेलं.
पण 'आन्यो' लिहिताना
अक्षराच्या डोक्यावरची ती छोटी लाट
एकदाही नाही.
लाट नसली की 'वर्ष' राहत नाही,
शरीराचा जो भाग आपण चारचौघांत बोलत नाही तो होतो.
'गेल्या वर्षी विष टाकलं' हे तुझं वाक्य
ऑफिसात मोठ्याने वाचून सगळे हसले.
मी हसले नाही. मला तुझा कीबोर्ड दिसला.

परदेशी कीबोर्ड.
ओस्लोहून आलेल्या साहेबाने मागे ठेवलेला लॅपटॉप,
गोदामात, दोरखंडांच्या शेजारी.
रात्रपाळीला गोदामात एकच माणूस.
अलिरो नावेलक्विन, वय सत्तावन्न,
पूर्वी नगरपालिकेत टंकलेखक.

सुतावरून स्वर्ग गाठतात म्हणे.
मी फक्त गोदामापर्यंत गेले.

अहवालात लिहिलं, सत्त्याऐंशी टक्के.
हा आकडा मी प्रामाणिकपणे काढला होता,
आजही पुन्हा काढला तर तेवढाच येईल.
उरलेल्या तेरा टक्क्यांबद्दल
सातव्या पानाच्या तळाशी, बारीक टाइपात, दोन ओळी होत्या.
तेवढ्या वाचायला कुणाला वेळ असतो?

अलिरोला सोमवारी काढलं.
गुरुवारी, चार वाजून बारा मिनिटांनी,
तू परत आलं.
(हे वाक्य व्याकरणात बसत नाही,
पण दुसरं कसं लिहू?)
पूर्णविराम. दोन मोकळ्या जागा.
आणि या वेळी 'आन्यो'च्या डोक्यावर
लाट, जागच्या जागी, ठसठशीत,
जणू मला डोळा मारलेला.

लाटेबद्दल मी फक्त अहवालात लिहिलं होतं.
अहवाल गेला होता सहा जणांना.
त्यातले पाच जण पन्नाशीच्या आतले.

काल दुपारी धक्क्यावर
एक बाई बटाट्याच्या भाकरी विकत होती, चरबीत तळलेल्या.
टोपलीवरच्या फडक्यावर आडनाव शिवलेलं, नावेलक्विन.
मी दोन घेतल्या. तिने सुटे पैसे दोनदा मोजून दिले,
गरम आहेत, जपून खा, म्हणाली.
तिने मला ओळखायचं काही कारण नव्हतं.
अहवालावर नाव घालायचं नाही,
ही माझीच अट होती.

आता कंपनीचा फोन वाजतोय.
दुप्पट पैसे देतील.
सहातून पाच गेले की किती उरतात
हे दुसरीतलं पोरही सांगेल.

फोन वाजतोय.
भाकरीच्या तुपकट बोटांनी मी तो उलटा ठेवते,
काचेवर पाच ठसे उमटतात,
माझे, अगदी स्पष्ट,
कुणालाही ओळखता येतील असे.